बेड्यांच्या मागोमाग: तोबोल्स्क ते चिता

शनिवार, तोबोल्स्क

सायबेरियात हद्दपार होऊन आलेल्यांत एक घंटाही आहे. 1591 मध्ये उग्लिच गावात झार इव्हानचा धाकटा मुलगा दिमित्री गूढ रीतीने मेला. कुणीतरी ही घंटा बडवली, गाव गोळा झालं, जमाव खवळला आणि ज्यांच्यावर संशय होता त्यांना ठार मारलं गेलं. मॉस्कोने चौकशी करून गावकऱ्यांना शिक्षा केल्या आणि घंटेलाही केली. तिचा लोलक काढला, टांगायचा एक कान तोडला आणि तिला उरल पर्वतापलीकडे धाडून दिलं. 1593 मध्ये ती तोबोल्स्कला पोचली आणि 1892 मध्ये तिला घरी जाऊ दिलं. आज तोबोल्स्कच्या किल्ल्यात तिची प्रतिकृती टांगलेली आहे. धातूच्या वस्तूवरसुद्धा सत्तेचा इतका राग निघू शकतो, हे बघून मग तुरुंगाकडे वळलं की पुढचं सगळं नीट समजत जातं.

मी आणि माझी नणंद अशा आम्ही दोघी निघालो होतो. वन्संनी तरुणपणी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकून घेतली होती आणि नोकरीतून निवृत्त झाल्यावर ती पुन्हा घासूनपुसून लख्ख केली होती. सायबेरियात शिक्षा होऊन आलेल्या पुरुषांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. आम्हाला त्यांच्यामागून शिक्षा नसताना आलेल्या बायकांच्या वाटेने जायचं होतं.

तोबोल्स्कचा किल्ला इर्तिश नदीकाठच्या उंच कड्यावर आहे. पांढरी भिंत, निळे घुमट, खाली जुनं लाकडी गाव. खालून वर यायला लाकडी पायऱ्यांची चढण आहे. सप्टेंबरच्या मध्याला बर्च पिवळे पडले होते आणि सकाळी तोंडातून वाफ निघत होती. किल्ल्याला लागूनच ‘तुरुंगवाडा’ आहे. 1855 च्या सुमारास बांधून पुरा झालेला हा तुरुंग 1989 पर्यंत चालू होता. म्हणजे झार गेला, क्रांती झाली, तरी कोठड्या रिकाम्या राहिल्या नाहीत. 1937-38 मध्ये तर याच आवारात माणसांना गोळ्या घातल्या गेल्या. आता संग्रहालय आहे. कोठड्या, शिक्षेच्या अंधाऱ्या खोल्या, पहाऱ्याची भोकं पाडलेले दरवाजे, सगळं जसंच्या तसं. मला सगळ्यांत जास्त धडकी भरली ती कागद बघून. हद्दपारांची नोंद ठेवणारं सरकारी खातं बरीच वर्षं तोबोल्स्कलाच होतं. रशियाभरातून आलेला प्रत्येक कैदी इथे नोंदला जायचा आणि कोण खाणीत, कोण कारखान्यात, कोण कुठल्या खेड्यात ते इथे ठरायचं. 1801 ते 1917 या काळात दहा लाखांहून जास्त माणसं अशी उरलपलीकडे पाठवली गेली.

जानेवारी 1850 मध्ये याच गावातल्या तुरुंगात कादंबरीकार दोस्तोयेव्स्की काही दिवस होता. त्याआधी महिन्याभरापूर्वीच पीटर्सबर्गमध्ये त्याला गोळ्या घालण्यासाठी चौकात उभं करून, शेवटच्या क्षणी शिक्षा बदलल्याचं वाचून दाखवलं होतं. तोबोल्स्कमध्ये त्याला भेटायला काही बायका आल्या. पंचवीस वर्षांपूर्वीच्या बंडखोरांच्या, म्हणजे डिसेंब्रिस्टांच्या या बायका. त्यांनी पहारेकऱ्यांना वळवून तासाभराची भेट मिळवली आणि प्रत्येक कैद्याला बायबलचा नवा करार दिला. कैद्याजवळ ठेवायला परवानगी होती ती एवढ्या एकाच पुस्तकाची. बांधणीच्या आत दहा रूबलची नोट लपवलेली होती. दोस्तोयेव्स्कीने ते पुस्तक मरेपर्यंत जपलं.

जाणाऱ्यांसाठी: त्युमेनपर्यंत विमान आणि तिथून चारेक तासांची रेल्वे. तोबोल्स्कचं स्टेशन गावापासून बरंच लांब आहे, बस मिळते. आपल्या बँकांची आंतरराष्ट्रीय कार्डं रशियात सध्या चालत नाहीत, तेव्हा कोऱ्या करकरीत डॉलर किंवा युरोच्या नोटा न्याव्यात आणि मॉस्कोतच बदलून घ्याव्यात. भारतीयांना ई-व्हिसा मिळतो, पण तो ठरावीक नाक्यांवरच चालतो. तिकीट काढण्याआधी ती यादी बघा.

रविवार, तोबोल्स्क

सकाळी झावाल्नोये कब्रस्तान. डिसेंब्रिस्टांपैकी काहीजण इथे आहेत, त्यांत पुश्किनचा शाळासोबती, कवी क्युखेलबेकर. दृष्टी अधू झालेली, छाती पोखरलेली, अशा अवस्थेत तो 1846 मध्ये इथेच गेला. ओल्या पानांवरून चालताना एक आजी भेटल्या, नातवाला घेऊन आल्या होत्या. आम्ही भारतातून खास ही थडगी बघायला आलो म्हटल्यावर त्यांनी पिशवीतून मूठभर चीड-बिया काढून आमच्या हातावर ठेवल्या आणि दाताखाली फोडायच्या कशा ते दाखवलं. वन्संशी त्या अर्धा तास बोलत होत्या. त्यांच्या आईचे आईवडील व्होल्गाकाठचे शेतकरी. 1930 मध्ये चार मुलांसह त्यांना होडीत घालून या नदीवरून उत्तरेला नेलं. चारांतली दोन जगली. कुणाची हद्दपारी कुठल्या राजवटीतली, हा प्रश्न आजींना फार महत्त्वाचा वाटत नव्हता.

दुपारी पूर्वीच्या गव्हर्नरचा वाडा पाहिला. 1825 चं बंड मोडून डिसेंब्रिस्टांना सायबेरियात पाठवलं ते झार निकोलाय पहिला याने. त्याचा पणतू निकोलाय दुसरा, शेवटचा झार, ऑगस्ट 1917 ते एप्रिल 1918 या वाड्यात बायकामुलांसह नजरकैदेत होता. तो अंगणात लाकडं फोडायचा. त्याच्या घराण्याने लाखो लोकांना ज्या वाटेने धाडलं, तीच शेवटी त्याच्या वाट्याला आली. हे वाचताना समाधान वाटेल असं मला वाटलं होतं. मुलींच्या खोलीत उभं राहिल्यावर ते अजिबात वाटलं नाही.

सोमवार, ओम्स्क

सोमवारी रशियातली बहुतेक संग्रहालयं बंद असतात. म्हणून ओम्स्कचा मुक्काम आम्ही फक्त गाव फिरण्यापुरताच ठेवला होता. इथल्या किल्ल्यातल्या लाकडी बराकीत दोस्तोयेव्स्कीने चार वर्षं काढली, 1850 ते 1854. पायात रात्रंदिवस बेड्या, अर्धं डोकं भादरलेलं, पाठीवर खुणेचा तुकडा शिवलेला. बराक आता नाही. किल्ल्याच्या दरवाजांपैकी मूळचा तोबोल्स्क दरवाजा शिल्लक आहे. त्यातून बाहेर पडलं की इर्तिश दिसते आणि पलीकडचा सपाट मोकळा माळ. काठावर काम करताना त्याला ही मोकळीक रोज दिसत असणार. आम्ही तिथे फार वेळ थांबलो नाही, वारा बोचत होता. संध्याकाळची गाडी पकडली.

मंगळवार आणि बुधवार, गाडीत

सायबेरियाची खरी ओळख गाडीच्या खिडकीतून होते, कारण ती संपतच नाही. बर्चचं रान, दलदल, चार लाकडी घरं, पुन्हा बर्चचं रान. आमच्या डब्याची देखभाल करणारी रेल्वे कर्मचारी पन्नाशीची, कडक आवाजाची, दर दोन तासांनी फरशी पुसणारी बाई. डब्याच्या टोकाला गरम पाण्याचा मोठा बंब असतो. त्याच्या जोरावर आम्ही तयार पोहे आणि उपमा फुलवला. मेतकुटाचा वास डबाभर पसरल्यावर ती चौकशीला आली, चमचाभर चाखलं आणि संध्याकाळी घरी केलेला काळ्या मनुकांचा मुरंबा घेऊन आली. मोठ्या स्टेशनांवर गाडी वीस-तीस मिनिटं थांबते. तिथे फलाटावर बटाट्याचे आणि कोबीचे पिरोझ्की मिळतात. शाकाहारी असाल तर ते आणि कुट्टूची उकड यांच्यावर प्रवास छान निभतो. दोन अडचणी आधीच सांगून ठेवते. परदेशी माणसाला सिमकार्ड मिळणं आता सोपं राहिलेलं नाही, म्हणून नकाशे आणि भाषांतराची सोय फोनमध्ये आधीच उतरवून घ्या. आणि गाडीत चढताना तिकिटापेक्षा पासपोर्ट आधी बघतात, तो हाताशी असू द्या.

ही गाडी येण्याआधी याच दिशेने कैद्यांचे तांडे पायी जात. मॉस्कोहून निघालेला माणूस पूर्वेकडच्या खाणीत पोचेपर्यंत कधीकधी दोन वर्षं जात. दोन दिवस चालायचं, एक दिवस थांबायचं, रात्री कुबट बराकीत दाटीवाटीने झोपायचं. यांतले राजकीय कैदी थोडे. बाकीचे चोर, खुनी, पळालेले कुळवाडी, भटके, आणि ज्यांना त्यांच्याच गावपंचायतीने ‘नको’ म्हणून हाकललं असे. सौम्य शिक्षा असलेला एखादा भुकेला पोरगा दोन-चार रूबलला आपलं नाव विकायचा आणि दुसऱ्याची जन्मठेप त्याच्या गळ्यात पडायची. तांडा खेड्यातून जाताना कैदी एकत्र आळवून भीक मागत, साखळ्यांचा आवाज त्या सुराखाली चालूच. सायबेरियातले शेतकरी रात्री खिडकीबाहेरच्या फळीवर भाकरी आणि दूध ठेवत, पळून आलेल्या कैद्यासाठी.

या तांड्यांमागून गाड्यांत आणि पायी त्यांच्या बायका-मुलं येत. कायद्याच्या कागदात त्यांचा उल्लेख ‘स्वेच्छेने मागून येणारे’ असा व्हायचा. डिसेंब्रिस्टांच्या मागून आलेल्या बायकांची नावं अख्ख्या रशियाला पाठ आहेत. या हजारो बायकांची नावं कुणालाच माहीत नाहीत, आणि त्यांच्याजवळ बांधणीत लपवायला दहा रूबलही नव्हते. त्या सरदार घराण्यांतल्या बायकांच्या कहाणीने मी भारावून जाते हे खरं, पण हा फरक डोळ्यांआड करायचा नाही हे मी गाडीतच ठरवलं.

गुरुवार, इर्कुत्स्क

पहाटे उतरलो, ऊन स्वच्छ, हवा कोरडी. गावात अजून नक्षीदार खिडक्यांची लाकडी घरं आहेत, काही डागडुजी केलेली, काही एका अंगावर खचलेली. व्होल्कोन्स्की या डिसेंब्रिस्ट कुटुंबाचं राखाडी दुमजली घर छान राखलंय.

थोडक्यात कथा अशी. 14 डिसेंबर 1825 रोजी पीटर्सबर्गच्या सिनेट चौकात सैन्यातल्या तरुण सरदारांनी उठाव केला. राज्यघटना हवी, भूदासांची मुक्तता हवी, ही मागणी. दिवस मावळायच्या आत तोफांनी चौक साफ केला. पुढच्या जुलैत पाच जणांना फाशी, शंभराहून जास्त जणांना सक्तमजुरी आणि सायबेरिया. बायकांना सरकारने सांगितलं, नवरा कायद्याने मेला आहे, तुम्ही दुसरं लग्न करायला मोकळ्या आहात. अकरा जणी तरीही निघाल्या.

पहिली येकातेरिना त्रुबेत्स्काया. इर्कुत्स्कच्या गव्हर्नरने तिला अनेक महिने अडकवून ठेवलं, वाट किती भयानक आहे ते ऐकवलं आणि मग एक कागद पुढे केला. पदवी सोडायची. मालमत्तेवरचा हक्क सोडायचा. सायबेरियात मूल झालं तर ते सरकारी कुळवाडी म्हणून नोंदलं जाईल. तिने सही केली. मागून आलेल्या मारिया व्होल्कोन्स्कायानेही केली. मारिया तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांची, तान्हं मूल सासरी ठेवून आलेली. ते मूल दोन वर्षांचं होऊन तिथेच गेलं. ब्लागोदात्स्कच्या खाणीत तिची नवऱ्याशी भेट झाली, तेव्हा तिने आधी गुडघे टेकून त्याच्या बेड्यांचं चुंबन घेतलं, मग त्याला मिठी मारली.

पुढे सक्तमजुरी संपल्यावर हे कुटुंब इर्कुत्स्कला राहिलं. घरात वरच्या मजल्यावर मारियाचा दिवाणखाना, तिथे गाणं आणि नाटकं. नवरा सेर्गेय एकेकाळचा सेनापती, आता शेतकऱ्याच्या जाड्याभरड्या कोटात बाजारात बसून पिकांच्या गप्पा मारायचा. दोघांचे स्वभाव जुळले नाहीत हे संग्रहालयही लपवत नाही, आणि मला ते आवडलं. त्याग केला म्हणजे संसार गोडच झाला पाहिजे असं थोडंच आहे!

माहिती सांगणाऱ्या बाई पांढऱ्या केसांच्या, हळू बोलणाऱ्या. शेवटी त्यांनी विचारलं, तुमच्याकडेही इंग्रज सरकार लोकांना बेटावर पाठवत असे ना, त्यांच्या बायका जायच्या का? वन्सं माझ्याकडे बघून म्हणाल्या, “अगं, येसूवहिनींचं सांग.” मी सांगत गेले आणि त्या भाषांतर करत गेल्या. येसूवहिनींचे पती बाबाराव सावरकर अंदमानच्या कोठडीत जन्मठेप भोगत होते. धाकटे दीर विनायकराव त्याच तुरुंगात. वर्षाला एखादं पत्र मिळालं तर मिळालं. येसूवहिनी नाशकात भेटीची वाट बघत राहिल्या आणि 1919 मध्ये, भेट न होताच, गेल्या. दोघा भावांना 1921 मध्ये अंदमानातून परत आणलं. म्हणजे मागून जाण्याचा हक्कसुद्धा प्रत्येक बाईला नव्हता. त्या बाईंनी येसूवहिनींचं नाव दोनदा विचारून घेतलं.

शुक्रवार, इर्कुत्स्क आणि बायकल

गावाच्या मध्यावर लाल विटांचं, टोकदार मनोऱ्याचं एक कॅथलिक चर्च आहे, आता तिथे ऑर्गनच्या मैफली होतात. ते बांधलं हद्दपार पोलिश लोकांनी. 1863 च्या पोलंडमधल्या उठावानंतर हजारो पोलिश सायबेरियात आले. त्यांतल्या काहींना बायकल तळ्याभोवतीच्या रस्त्याच्या कामावर जुंपलं होतं. 1866 च्या उन्हाळ्यात त्यांनी पहारेकऱ्यांची शस्त्रं हिसकावून चीनकडे निघायचा प्रयत्न केला. तो फसला आणि चार पुढाऱ्यांना इर्कुत्स्कमध्ये गोळ्या घातल्या.

पण याच हद्दपारांपैकी बेनेदिक्त दिबोव्स्कीने बायकलच्या काठी, कुल्तुक गावात राहून, हिवाळ्यात बर्फाला भोकं पाडून तळ्याची खोली मोजली आणि आतले जीव गोळा केले. यान चेर्स्कीने काठाचा भूस्तर अभ्यासून नकाशा केला. साम्राज्याने ज्यांना जगाच्या टोकाला फेकलं, त्यांनीच ते टोक जगाला दाखवलं.

लिस्तव्यांका गाव इर्कुत्स्कपासून सत्तरेक किलोमीटर. पाणी काचेसारखं निवळ आणि असं गार की हात मिनिटभर ठेवता येत नाही. जेवणात इथल्या बुर्यात लोकांच्या पोझी मिळाल्या, वाफवलेल्या, वर चुण्या पाडून भोक ठेवलेल्या, हुबेहूब उकडीच्या मोदकासारख्या. आत मात्र खिमा असतो, तेव्हा आधी विचारून घ्या. सी-बकथॉर्नचा नारिंगी चहा नक्की प्या.

शनिवार आणि रविवार, पेत्रोव्स्क

इर्कुत्स्कहून पूर्वेला जाताना दिवसाचीच गाडी घ्या आणि बसायला डावी बाजू धरा. कित्येक तास रूळ बायकलच्या कडेकडेने जातात.

पेत्रोव्स्क-झबायकाल्स्की हे कारखान्याचं, मरगळलेलं गाव. फलाटावरच डिसेंब्रिस्टांचं स्मारक आहे, गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असं. 1830 मध्ये कैद्यांना चिताहून इथे पायी आणलं, दीड महिना चालवत. त्यांच्यासाठी नवा तुरुंग बांधला होता आणि त्याच्या कोठड्यांना खिडक्याच नव्हत्या. नवऱ्याबरोबर राहायची परवानगी मिळालेल्या बायका त्या काळोखात राहायला गेल्या आणि लगेच त्यांनी पीटर्सबर्गच्या नातेवाइकांना पत्रं लिहायचा सपाटा लावला. गाजावाजा एवढा झाला की पुढच्या वर्षी भिंती फोडून वर, छताजवळ, चिंचोळ्या खिडक्या काढाव्या लागल्या.

ही पत्रं म्हणजेच त्यांचं खरं काम होतं. कैद्यांना स्वतः लिहायला बंदी होती. बायकांना मनाई नव्हती. त्यामुळे ज्यांचं मागून कुणी आलं नव्हतं अशा कैद्यांचीही पत्रं याच बायका लिहीत, आपल्या अक्षरात, ‘तुमचा मुलगा मला सांगायला सांगतो’ अशा थाटात. डाकेच्या प्रत्येक फेरीला डझनावारी. त्या आल्या नसत्या तर ही माणसं घरच्यांसाठी खरोखरच मेली असती. सरकारला नेमकं तेच हवं होतं.

या बायकांपैकी अलेक्सांद्रा मुराव्योवा इथेच गेली, 1832 मध्ये, तिशीच्या आत. वडिलांशेजारी पुरण्याची तिची इच्छा झारने नाकारली. टेकडीवर तिच्या थडग्यावर छोटी घुमटी आहे. चढताना पावसाची भुरभुर सुरू झाली, चिखलाने बूट जड झाले. जाणार असाल तर पक्क्या तळाचे बूट घाला. त्रुबेत्स्कायाच्या घरात संग्रहालय आहे. दोन खोल्यांत मांडलेलं, पण तिथल्या बाई इतक्या आस्थेने सांगतात की दोन तास कसे गेले कळलं नाही.

मंगळवार, चिता

चितामधलं डिसेंब्रिस्टांचं संग्रहालय एका जुन्या लाकडी चर्चमध्ये आहे, 1776 सालच्या. तुळया काळवंडलेल्या, आत लाकडाचा आणि मेणाचा वास. एप्रिल 1828 मध्ये इथे इव्हान आन्येन्कोव्ह या कैद्याचं लग्न झालं. नवरी पोलिना गेब्ल, मॉस्कोत कपड्यांच्या दुकानात काम करणारी फ्रेंच मुलगी. भाषा येत नाही, घराणं नाही, सासू विरोधात. झारला भेटून तिने परवानगी मिळवली आणि अर्धं जग ओलांडून इथे आली. लग्नासाठी चर्चच्या दारात नवऱ्याच्या बेड्या काढल्या आणि विधी संपताच पुन्हा ठोकल्या. त्याच वर्षी पुढे सगळ्यांच्याच बेड्या काढायचा हुकूम आला. निकोलाय बेस्तुझेव्हने, जो उत्तम चित्रकारही होता आणि घड्याळजीही, त्या लोखंडातून बायकांसाठी कडी घडवली.

आवारात एक लहानशी कबर आहे, व्होल्कोन्स्कींच्या तान्ह्या मुलीची.

इथल्या ऐंशीच्या आसपास कैद्यांनी सामाईक फंड काढला होता. ज्याच्या घरून पैसे यायचे त्याने घालायचे, ज्याला नाहीत त्याने न लाजता घ्यायचे. संध्याकाळी एकमेकांना शिकवायचे, कुणी युद्धशास्त्र, कुणी शरीरशास्त्र, कुणी ग्रीक. तुरुंगाच्या आवारात त्यांनी भाजीपाला पिकवला आणि गावालाही शिकवला. शिक्षा उठली ती 1856 मध्ये, नव्या झारच्या राज्याभिषेकाच्या वेळी. तोवर बरेचसे मेले होते.

वन्संनी निघताना विचारलं की अकरा जणींची चित्रं इथे आहेत, बाकीच्या बायकांचं काही आहे का? तिथल्या तरुण कर्मचारी मुलीने सरळ उत्तर दिलं: अभिलेखागारात आकडे आहेत, अमुक तांड्यात इतके पुरुष, मागून येणाऱ्या इतक्या बायका, इतकी मुलं. नावं फार थोडी. त्यावर ती सध्या काम करते आहे. वन्संनी तिचा पत्ता घेतला.

नेर्चिन्स्कच्या खाणी आणि ब्लागोदात्स्क इथून अजून बरेच पूर्वेला, चीनच्या सीमेच्या बाजूला आहेत. तो सीमेलगतचा टापू असल्याने परदेशी माणसाला वेगळी परवानगी लागते. ती मिळायला वेळ जातो, अर्ज काही महिने आधी करावा. रेल्वे तिथवर नाही, स्थानिक गाडीवाला ठरवावा लागतो, आणि जूनपूर्वी किंवा सप्टेंबरनंतर जाऊ नये असं आम्हाला तीन वेगवेगळ्या माणसांनी सांगितलं.